लंडनमध्ये लॉर्ड्स आणि ओव्हल : बाबांना घेऊन जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जूनमध्ये बाबांना घेऊन चार दिवस लंडनला जातोय. वय 74, गुडघे कुरकुरतात, पण राजवाडा-बिजवाडा काही नको, फक्त क्रिकेटची मैदानं बघायची म्हणतात! 1971 ला वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवलं, ते त्यांनी शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून ऐकलं होतं. चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी आजही पाठ आहेत. लॉर्ड्सवर वेंगसरकरांची तीन शतकं, 1983 ची फायनल, आणि तो उतार. मैदानाची एक बाजू दुसरीपेक्षा जवळपास आठ फूट खाली आहे, तो उतार डोळ्यांनी दिसतो का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. कुणी पाहिलाय का?

माझे प्रश्न जरा रुक्ष आहेत. लॉर्ड्सच्या गाइडेड टूरमध्ये जिने किती? मध्ये टेकायला मिळतं का? मोठ्या सामन्याच्या दिवशी टूर नसते, एवढं कळलंय. त्याच दिवशी ओव्हल जमेल का? लॉर्ड्सजवळच्या सेंट जॉन्स वुड स्टेशनहून मेट्रोच्या ज्युबिली लाइनने लंडन ब्रिज, तिथून नॉर्दर्न लाइनने ओव्हल, असा बेत आहे. गाडी बदलताना फार चालावं लागतं का?

वेम्बली ज्युबिली लाइनवरच आहे, पण फुटबॉल म्हटलं की बाबा पेपर उघडतात, तेव्हा ते बाद. विम्बल्डनचं संग्रहालय मात्र मला बघायचंय. साउथफील्ड्स स्टेशनवरून चालत जाववेल का त्यांना, की सरळ टॅक्सी करू?