मदत हवी आहे : पित्ताशयात खडे, ऑपरेशन लगेच करावं का?

आईचं वय ५८. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू. महिन्याभरात दोनदा रात्रीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत, दोन-अडीच तास, सोबत उलटी. ताप नाही. सोनोग्राफीत ४-५ खडे, सर्वांत मोठा ९ मिमी, पित्ताशयाची भिंत ३ मिमी, सीबीडी (मुख्य पित्तनलिका) ५ मिमी. सर्जन दुर्बिणीतून पित्ताशय काढा म्हणतात. नुसते खडे काढता येत नाहीत का? नातेवाईक कुळथाचं कढण आणि पानफुटी सुरू करा म्हणतायत. आणि ऑपरेशनआधी काय काय विचारून घ्यावं?

पारिजातक :
कुळीथ आणि पानफुटी लोक मुतखड्यावर घेतात. मुतखडा लघवीच्या वाटेत असतो, हे खडे पित्ताच्या पिशवीत. दोन्हींना आपण ‘खडा’च म्हणतो, म्हणून ही गल्लत घरोघरी होते. कढण जेवण म्हणून खुशाल द्या, औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा उपायही कोणीतरी सांगेलच. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट, मऊ गोळ्या पडतात आणि खडे पडले असं वाटतं. त्या तेलापासून पोटातच बनलेल्या साबणाच्या गोळ्या असतात. नंतर सोनोग्राफी केली की खडे जागच्या जागी दिसतात.

निर्गुडी :
खडे असूनही कधीच दुखलं नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, मधुमेह असला तरी. तुमच्या आईंना मात्र दोनदा कळ येऊन गेली आहे, म्हणजे पुन्हा येण्याची शक्यता बरीच. इथे खड्याच्या आकारावर जाऊ नका. १५ मिमीचा खडा पिशवीतच राहू शकतो, ३-४ मिमीचा घसरून पित्तनलिकेत अडकतो आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह करतो. तो दाह जिवावर बेततो.

नुसते खडे काढले तर पिशवी तीच राहते, पित्तही तेच, आणि खडे पुन्हा होतात. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी फक्त लहान, कोलेस्टेरॉलचे, कॅल्शियम न साठलेले खडे विरघळू शकतात. त्यालाही महिनोन् महिने लागतात आणि गोळ्या थांबवल्यावर ते अनेकांना परत होतात.

सीबीडी ५ मिमी म्हणजे मुख्य नलिका फुगलेली नाही. तरी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) कराच. बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं निघालं तर आधी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय), आणि नलिकेत खडा दिसला तर साधारणपणे ईआरसीपीने (तोंडावाटे दुर्बीण घालून) तो काढून मग पित्ताशय. हा क्रम चुकला तर ऑपरेशन नीट होऊनही कावीळ होते आणि घरचे म्हणतात, खडा राहिलाच कसा!

पारिजातक :
औषधांचं महत्त्वाचं. डापाग्लिफ्लोझिन साधारण ३ दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी त्याने रक्तात कीटोन (चरबी जळून बनणारी आम्लं) वाढतात आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने ते लवकर लक्षात येत नाही. भूलतज्ज्ञांना गोळ्यांची पाकिटंच दाखवा, नुसतं ‘शुगरची गोळी’ सांगू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही दाखवा. काय कधी बंद करायचं ते त्यांनीच ठरवायचं.

सर्जनना विचारा : पिशवी फार चिकटलेली निघाली तर काय करणार? तेव्हा पोट उघडणं किंवा पिशवीचा काही भाग ठेवणं यात अपयश नाही, घाईत मुख्य नलिका कापली जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

धागाकर्ती :
आभार. एलएफटी उद्याच करतो. ऑपरेशननंतर कशावर लक्ष ठेवू?

निर्गुडी :
दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने एक-दोन दिवस खांदा दुखतो. त्याला घाबरू नका, थोडं चालायला लावा. पित्त आता साठत नाही, सतत आतड्यात झिरपतं, म्हणून काही आठवडे शौचाला पातळ होऊ शकतं. सुरुवातीला तळकट कमी द्या.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. उलट वाढत गेलं, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद किंवा शौच पांढरट झालं, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पित्त गळत असेल तर प्रत्येक दिवस महाग पडतो. आणि काढलेली पिशवी बायॉप्सीला पाठवली ना, ते डिस्चार्जच्या वेळी विचारा.