एंजल, डिस्कस आणि खाली लॉन: नागपुरात हे ‘काही टेन्शन नाही’ म्हणून सांगू नका

मनीषनगर_बोअर:
काल एकाने फोटो टाकला. माशांचा तीन फुटी टँक, तळाला माँटे कार्लो या बुटक्या झाडाचं गालिच्यासारखं लॉन, वर चार एंजल आणि सहा डिस्कस मासे. खाली लिहिलं होतं, ‘जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी. नागपूर, नळाचं पाणी, काही टेन्शन नाही.’ सगळ्यांनी वाहवा केली आणि तिघांनी लगेच विचारलं, डिस्कस कुठे मिळतील. त्या तिघांसाठी लिहून राहिलो, कारण सहा वर्षांपूर्वी असाच एक फोटो बघून मी पण निघालो होतो.

तीन बाय दीड बाय दीड म्हणजे काठोकाठ भरला तरी १९० लिटर. माती, दगड, लाकूड वजा करा, राहिलं दीडशेच्या आसपास. आज ते मासे अडीच इंची आहेत म्हणून मावले. डिस्कस १५ सेंटीमीटरच्या वर जातो, आणि पंखांची उंची धरली तर एंजल त्याहून मोठा दिसतो. वर्षभराने ते कुठे वळतील?

दुसरं, तापमान. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतं. एंजल २४ ते २८ मध्ये खूश, ३० सोसतो. लॉनला मात्र २५ च्या आसपासचं पाणी पाहिजे. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० ला सुमारे ७.६. आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. रात्री लाइट बंद झाला की झाडंही तोच ऑक्सिजन ओढतात. पहाटे पाचला उठून बघा, मासे वर येऊन तोंड मारताना दिसतील.

तिसरं, खाणं. हे मी रोज बघितलं. ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्यांचा तुकडा टाकला की एंजल वरच्या वर गिळून मोकळा. डिस्कस सावकाश येणार, तिरपा होणार, वाळूवर फुंकर मारणार, एक किडा उचलणार, थुंकणार, पुन्हा उचलणार. तोवर संपलेलं असतं. माझे चारही डिस्कस भर टँकमध्ये उपाशी राहिले. आधी काळे पडले, मग फिल्टरच्या मागे जाऊन उभे राहिले. पोट आत, कपाळ धारदार. सोळा दिवसांत चारही गेले. ज्याने विकले तो म्हणाला होता, ‘एकाच नदीचे आहेत, भाऊ-भाऊ आहेत.’

सक्करदरा_काका:
बाबू, तुझे मेले म्हणून सगळ्यांचे मरतात असा कायदा नाही. २०१९ पासून माझ्याकडे पाच डिस्कस आणि तीन एंजल एकाच टँकमध्ये आहेत. टँक चार बाय दोन बाय दोन, म्हणजे ४५० लिटर. लॉन नाही, झाडांसाठी सोडतात तो सीओटू गॅस नाही. ॲमेझॉन सोर्ड, लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न. ही झाडं ३० अंशाला पण जगतात. मग ‘प्लांटेड’, म्हणजे झाडांचा टँक, म्हणजे फक्त लॉन, हे कोणी ठरवलं?

मी डिस्कस आधी टाकले, त्यांना मोठे होऊ दिले. एंजल नंतर आले, तेही लहान, आणि त्याआधी सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवले. एंजल धडधाकट दिसला तरी पोटात जंत, हेक्सामिटासारखे परजीवी घेऊन फिरतो, आणि भोगतो डिस्कस. तू ठेवले होते का सहा आठवडे वेगळे?

राहिली पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल त्याची गोष्ट. डिस्कसला पीएच सहाच पाहिजे असं लोक म्हणतात. माझा पीएच ७.४ आहे. आजचे डिस्कस पिढ्यानपिढ्या काचेत वाढलेले आहेत, त्यांनी ॲमेझॉन बघितली नाही. पीएच सहावर आणायच्या नादात पाणी रोज हलवतात, त्यानेच मरतात.

मनीषनगर_बोअर:
नव्हते ठेवले वेगळे. ते माझं चुकलं, मान्य. पण काका, तुम्ही ४५० लिटरची गोष्ट सांगून राहिले आणि फोटो १९० लिटरचा आहे. तुमचा दाखला त्या फोटोला लागू कसा? आणि एंजलची जोडी जमली तेव्हा काय झालं, तेही सांगा न.

सक्करदरा_काका:
जमली होती. सोर्डच्या रुंद पानावर अंडी घातली आणि आठ-दहा दिवस बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात दाबून ठेवलं. ती जोडी मी काढली. पाचाचे तीन एंजल तेव्हापासून आहेत. लपवायचं नव्हतं, विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही.

बेसा_टँकर:
मासे बाजूला ठेवा, मला पाण्याचं बोलायचं आहे. आमच्याकडे एप्रिलपासून टँकर येतो. ड्रम भरायला मी सकाळी साडेसहाला रांगेत असते. आणि डिस्कसचं नाव निघालं की इथे पहिला सल्ला काय? आरओ वापरा. घरचं आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर नाल्यात सोडतं. ४५० लिटरच्या टँकमधलं ४० टक्के पाणी आठवड्यातून दोनदा बदललं तर ३६० लिटर. त्यातलं अर्धं आरओचं धरलं तरी आठवड्याला चारशे-पाचशे लिटर मोरीत. पाच माशांपायी! याचा कोणालाच काही त्रास होत नाही का?

सक्करदरा_काका:
ताई, माझ्याकडे आरओ नाहीच. नळाचं पाणी ड्रममध्ये भरतो, रात्रभर बुडबुडे सोडणारा एअर स्टोन चालवतो, सकाळी टाकतो.

मनीषनगर_बोअर:
काकांना नळ आहे. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ७८० आहे, आरओशिवाय मला मार्ग नाही. पण मी थेंब वाया घालवत नाही. आरओचं निघालेलं सगळं पाणी कूलरमध्ये जातं.

अंबाझरी_लेआउट:
कूलरमध्ये नका टाकू भाऊ! मी दोन उन्हाळे हेच केलं. त्या पाण्यात आधीच जास्तीचे क्षार, आणि कूलर दिवसभर पाणी उडवून क्षार मागे ठेवतो. मेच्या शेवटी वाळ्याच्या ताट्या खडूसारख्या कडक झाल्या. हात लावला की पांढरा चुरा. पंप जाम झाला तो नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला त्याच दिवशी. घरी ऐंशी वर्षांची आई. रात्री अकराला पंप शोधत फिरलो.

मनीषनगर_बोअर:
दर आठवड्याला कूलरचं पाणी पूर्ण काढून टाकलं तर नाही होत. तुम्ही काढत नसाल.

अंबाझरी_लेआउट:
काढत होतो. तुमचा कूलर लोखंडी आहे का प्लास्टिकचा? लोखंडी असेल तर तळ बघा, गंज सुरू झाला असेल.

बेसा_टँकर:
आणि दर आठवड्याला काढलेलं ते पाणी कुठे गेलं? पुन्हा नालीतच न? कूलरमधून फिरवलं म्हणून वाचलं असं होत नाही. फरशी पुसा, संडासात टाका, तिथे क्षाराने काही बिघडत नाही. टँकचं बदललेलं पाणी मात्र सोनं आहे, माझा मोगरा त्याच्यावरच आहे. पण आरओचं उरलेलं त्याच कुंडीत टाकू नका, पानांच्या कडा जळतात.

मनीषनगर_बोअर:
लोखंडी आहे. तळ आत्ता बघून आलो. एका कोपऱ्यात पापुद्रा सुटलाय. ठीक आहे, उद्यापासून कूलरमध्ये नाही.

अंबाझरी_लेआउट:
कूलरमध्ये होतं तेच टँकमध्ये पण होतं, ते कोणी बोलत नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात टँकचं पाणी बघता बघता बोटभर उतरतं. लोक वरून बोअरचं टाकून बरोबरी करतात. उडालं ते नुसतं पाणी, क्षार आतच. महिनाभरात टीडीएस कुठल्या कुठे. मग म्हणतात डिस्कस नाजूक. आरओ असेलच तर आधी या भरपाईला वापरा, त्याला रोज दोन-तीन लिटरच लागतं.

बेसा_टँकर:
एवढ्याला माझी हरकत नाही.

अंबाझरी_लेआउट:
आणि झाडांचं म्हणाल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट मी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, खाली घरात कमरेएवढं पाणी, लाइट गेलेली. टँक वरच्या मजल्यावर होता, झाडांनी गच्च. आईला वर आणलं आणि नंतर उजाडेपर्यंत मगने टँकचं पाणी उचलून उंचावरून त्याच टँकमध्ये ओतत बसलो. खांदा भरून आला की बायको ओतायची. एक डिस्कस गेला. एंजल सगळे वाचले. अंधारात ती झाडंच ऑक्सिजन खात होती. तेव्हापासून अर्धी झाडं काढली आणि बॅटरीवरचा एअर पंप घेतला.

हिरवं_लॉन:
ज्या फोटोवरून हे सगळं चाललंय तो माझा आहे. एकदा मला विचारलं असतं तर बिघडलं असतं का? दोन वर्षं कॉलेज करून, शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि तो टँक लावला. लॉनचा एकेक कोंब चिमट्याने रोवला, कंबर धरली माझी. कोणाला काही विकलेलं नाही. ज्यांचे मेले त्यांना दुसऱ्याचे जिवंत बघवत नाहीत, मला तरी असंच दिसून राहिलं.

मनीषनगर_बोअर:
बघवत नाहीत? चार मासे मी अंगणात पुरले आहेत आणि तेच तुमच्यावर येऊ नये म्हणून एवढं लिहिलं. ‘काही टेन्शन नाही’ हे शब्द तुमचे आहेत. टँक कधी लावला तेवढं सांगा.

हिरवं_लॉन:
फेब्रुवारीत.

मनीषनगर_बोअर:
म्हणजे अजून एक उन्हाळा पण पूर्ण झालेला नाही! आणि तुम्ही लोकांना

सक्करदरा_काका:
दोघंही थांबा. पोराने मेहनतीने लावलंय, लॉन सुंदर आहे, ते कोणी नाकारत नाही. आणि मनीषनगर, तीन फुटात सहा डिस्कस नको, हे तुझं मला पहिल्यापासून पटलेलं आहे. बोललो नाही कारण तू सरसकट ‘जमतच नाही’च्या सुरात लिहिलं होतंस.

बेसा_टँकर:
हिरवं लॉन, तुमच्या टँकचं तापमान आत्ता किती आहे?

हिरवं_लॉन:
३३.४. खोलीत कूलर नाही, वरचा मजला आहे. आणि एक डिस्कस रविवारपासून काळा पडलाय. फिल्टरच्या मागे उभा आहे. खात नाही. पांढरी, दोऱ्यासारखी शी करतो. हे मी लिहिणार नव्हतो.

मनीषनगर_बोअर:
सीओटू आत्ता बंद करा. झाकण काढा, टेबल फॅन पाण्यावर आडवा लावा, वरून जाळी टाका नाहीतर उडी मारतील. फिल्टरचं तोंड वर करा, पाणी खळबळलं पाहिजे. बर्फाची बाटली टाकू नका, मी टाकली होती, एकदम उतरलं आणि तेच बाधलं.

हिरवं_लॉन:
फॅन लावला. पांढऱ्या शीचं काय?

सक्करदरा_काका:
पोटातली बिमारी दिसते. मेट्रोनिडाझोल हे औषध द्यावं लागेल, पण भरल्या टँकमध्ये नाही. वेगळ्या टँकमध्ये, तुझ्याच टँकचं पाणी घेऊन.

हिरवं_लॉन:
माझ्याकडे दुसरा टँक नाही.

मनीषनगर_बोअर:
दुखणेकरी तर काढाच, पण एंजल पण आजच काढा. राहिलेल्या डिस्कसना निवांत खाऊ द्या.

सक्करदरा_काका:
आज एंजलला हात लावू नको. या गरमीत जाळी घेऊन टँकभर पळवलं तर पाचही डिस्कस घाबरून भिंतीला आपटतील. आधी पाणी ३० वर येऊ दे. माझ्याकडे दोन फुटी टँक रिकामा आहे, आणि माझ्या मोठ्या टँकमध्ये चालू असलेला स्पंज फिल्टर आहे, तो काढून देतो. ऊन उतरलं की सहाला सक्करदरा चौकात ये, मी उभा राहतो. काच आहे, गाडीवर नको नेऊ. ऑटो कर.

हिरवं_लॉन:
येतो काका. आता ३२.९ दाखवून राहिलं.