बियरला तुपाचा वास आला, तर तो प्रकारच तसा की बियर बिघडलेली?

मसाला_गल्ली (सानपाडा)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लिहिते.

माझं काम वाशीच्या मसाला मार्केटमध्ये. अकरा वर्षं झाली, गाळ्यावर माल बघते. धणे, लवंग, वेलची, बडीशेप. पोतं उघडलं की मूठभर माल घ्यायचा, तळहातावर चोळायचा आणि ओंजळ नाकाशी न्यायची. ईगल धणे कुठले आणि बदामी कुठले हे मी डोळे मिटून सांगते. तेल काढून घेतलेली लवंग मालात मिसळली असेल तर नखाने दाबल्यावर कळते, चांगल्या लवंगेला लगेच तेल सुटतं. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध येतो.

क्राफ्ट बियरची, म्हणजे छोट्या कारखान्यात बनणाऱ्या बियरची, गोडी मला नणंदेमुळे लागली. ती ठाण्यात मानपाड्याला राहते. तीन वर्षांपूर्वी तिने मला पहिल्यांदा नेलं, तोवर बियर म्हणजे बाटलीतलं थंडगार कडू पाणी एवढीच माझी समजूत. त्या दिवशी समोर गव्हाच्या बियरचा ग्लास आला. गढूळ, पिवळसर, वर दोन बोटं फेस. नाकाशी नेला आणि थेट लवंग! मी वेटरला विचारलं, यात लवंग किती घालता? तो म्हणाला, एकही नाही, हा यीस्टचा, बियर आंबवणाऱ्या बुरशीचा वास आहे. माझा विश्वास बसेना. घरी येऊन वाचलं तर खरंच तसं होतं. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बियरचं यीस्ट आंबताना स्वतःच लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास तयार करतं. ज्या वासावर माझं पोट चालतं तो एका पेशीतून, लवंग न घालता येतो, हे कळल्यावर मी रात्री बराच वेळ जागी होते. तेव्हापासून महिन्यातून एक संध्याकाळ आम्ही दोघी ठाण्यात नाहीतर वाशी-बेलापूरकडे कुठेतरी बसतो. एक नाहीतर दोन ग्लास, बास.

आता प्रश्न. गेल्या शनिवारी ठाण्यातल्या एका ठिकाणी टेस्टिंग होतं. सहा बियर, प्रत्येकी ९० मिली, हलक्यापासून गडदपर्यंत. हातात एक कागद, त्यावर रंग, वास, चव, पोत आणि दहापैकी गुण असे रकाने. वीसएक माणसं होती. सुरुवातीला सगळं छान. दुसऱ्या क्रमांकाला पिल्सनर आली, फिक्या रंगाची हलकी बियर. दिसायला सुंदर, सोनेरी आणि नितळ. पण वास घेतला तर लोणी कढवतोय असं वाटलं. बेरी खाली बसायच्या आधी कढईतून जो वाफाळ वास येतो ना, तोच. घोट घेतला तर जिभेवर पातळ थर बसला, तूप खाल्ल्यावर बसतो तसा. टेस्टिंग घेणाऱ्या मुलाला मी सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तो मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोडवा आहे, पिल्सनर अशीच असते." शेजारच्या दोघांनी तिला आठ-आठ गुण दिले होते. मी कागदावर 'तूप' लिहिलं होतं, ते खोडलं.

ठाण्याहून सानपाड्याला येताना गाडीत तेच डोक्यात. बाजारात असं होत नाही. नाकाला माल पटला नाही तर पोतं परत जातं, मग समोर कितीही मोठा व्यापारी असो. इथे मी गप्प का बसले?

तर जाणकारांनी सांगावं, हा वास त्या प्रकाराचाच असतो की बियर चुकलेली होती? चुकली असेल तर तिथे बसून कसं सांगायचं? आणि तुम्ही मराठीत चवी कुठल्या शब्दांत टिपता? त्या कागदावरचे इंग्रजी शब्द माझ्या जिभेला लागत नाहीत.

टाकीवाला (घोडबंदर रोड)

ताई, तुमचं नाक बरोबर आहे. 'तूप' खोडायला नको होतं.

मी सहा वर्षं पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बियर बनवून तिथेच विकणाऱ्या ठिकाणी, टाक्यांवर काम केलंय. तुम्हाला आला त्या वासाचं नाव डायअसिटिल. लोण्याला लोण्याचा वास देणारा पदार्थही तोच, म्हणून तुम्हाला कढई आठवली. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं तेव्हा एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं बियरमध्ये आपोआप डायअसिटिल होतं. हे प्रत्येक बियरमध्ये होतं, त्यात चूक काही नाही. पण नंतर यीस्टला अजून थोडे दिवस त्याच बियरमध्ये राहू दिलं तर ते हे डायअसिटिल परत शोषून घेतं. एल प्रकारची बियर गरम आंबते, २० अंशांच्या आसपास, तिथे हे भरभर उरकतं. पिल्सनर ही लागर, म्हणजे थंडीत आंबणारी बियर. ती ८ ते १२ अंशांवर आंबते, थंडीत यीस्ट संथ चालतं. म्हणून शेवटी टाकी १६-१८ अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस थांबायचं. आम्ही त्याला नुसतं 'रेस्ट' म्हणायचो.

आणि नेमके तेच दिवस कापले जातात. लागर महिनाभर किंवा जास्त टाकी अडवून बसते, तेवढ्या वेळात गव्हाची बियर दोनदा निघते. शनिवार तोंडावर आलेला, वर बार भरलेला, मालक विचारतो पिल्सनर कधी. मी स्वतः एकदा रेस्ट पुरी व्हायच्या आत टाकी थंड केली आहे. ८०० लिटर. लोकांनी प्यायली, कुणी तक्रार केली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं कारण अस्वच्छ नळ्या. ड्राफ्टच्या लाइनमध्ये, म्हणजे टाकीतून नळापर्यंत येणाऱ्या नळ्यांत, जिवाणू वाढले तरी लोण्याचा वास येतो, पण सोबत आंबूसपणा असतो, शिळ्या ताकाकडे झुकणारा. तुम्ही आंबूस म्हणालेला नाहीत, त्यामुळे मला पहिलंच कारण वाटतं. लाइन दर १४ दिवसांनी धुवायची असते. बारमध्ये "लाइन कधी धुतली?" एवढं विचारलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरून बरंच समजतं.

खात्री करायची तर ग्लास दोन्ही तळहातांत धरा, वर हात झाका, दहा मिनिटं कोमट होऊ द्या, मग वास घ्या. डायअसिटिल असेल तर वाढेल. ब्रुअरीत आम्ही नमुना झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचो, मग गार करून न तापवलेल्या नमुन्याशेजारी धरून हुंगायचो. त्यातून टाकीत अजून न उमटलेला वासही पकडता येतो.

एक गोष्ट त्या मुलाच्या बाजूने. चेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये अगदी पुसट डायअसिटिल चालतं. पण जिभेवर थर बसला म्हणजे ते पुसट नव्हतं. आणि आठ गुण देणाऱ्यांना दोष देऊ नका. हा वास पकडायची ताकद माणसागणिक फार वेगळी असते, काहींना तो जवळपास येतच नाही.

शेवटी तुमच्या धंद्याशी जुळणारं एक. हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, निवडताना ब्रुअर (बियर बनवणारे) काय करतात माहितेय? मूठभर हॉप्स तळहातांत जोरात चोळतात, पिवळी चिकट पूड हाताला लागते, आणि ओंजळ नाकाशी नेतात.

नेरुळचे_काका

शब्दांबद्दल मी बोलतो. मी एकसष्ट वर्षांचा आहे, निवृत्त. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली ही मायक्रोब्रुअरी निघाली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मुलाने मला तिथे नेलं, तेव्हापासून वही ठेवली आहे. आता चौथी वही चालू आहे आणि सगळी मराठीत.

आपल्याकडे शब्दांची ददात नाही. इंग्रजीत ज्याला एकच 'बिटर' म्हणतात त्याला माझ्या वहीत तीन घरं आहेत. कारल्याचा कडवटपणा मागे रेंगाळतो. मेथीचा आधी लागतो आणि निवतो. पपनसाच्या पांढऱ्या सालीचा घशाच्या कडांना लागतो. अमेरिकन हॉप्सची आयपीए, म्हणजे हॉप्स जास्त घातलेली एल, बहुतेक वेळा पपनसात बसते, कधीकधी कैरीचा चीक. तुरट वेगळं. तुरट म्हणजे कच्चं केळं, जीभ आवळते. मॉल्टची टरफलं जास्त गरम पाण्यात फार वेळ राहिली की तुरटपणा उतरतो, चहा उकळून कडक होतो तसं.

स्टाउटला, म्हणजे काळ्या बियरला, मी 'भाजका' लिहितो आणि पुढे काय भाजलं ते. फुटाणे, बुंदाची कॉफी, की तव्यावर राहिलेल्या नाचणीच्या भाकरीचा काळा डाग. खरपूस आणि करपट यांतला फरक आपल्या बायकांना शिकवावा लागत नाही. पिल्सनरला चांगला शब्द म्हणजे 'लाह्या'. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर मात्र खूण करून ठेवा, तोही दोष आहे, उकळी कमी पडल्याचा.

बेल्जियन विट, म्हणजे तिकडची गव्हाची बियर, तिच्यात तर तुमचाच माल असतो, ताई. धणे आणि संत्र्याची साल. ही बियर बेल्जियममध्ये जवळपास संपली होती. पिअर सेलिस नावाच्या माणसाने १९६६ च्या सुमारास होगार्डन गावात ती पुन्हा चालू केली. त्यामुळे आज आपल्याकडच्या बारमध्येही ती मिळते. पुढच्या वेळी ती मागवा आणि धणे कसले आहेत ते आम्हाला सांगा. हे इथे दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

ग्लास बर्फातून काढलेला नको म्हणा. फार थंडीत वास मिटतात. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. आणि सोबत कोथिंबीर वडी मागवा, तिखट चखणा नको. तिखटाने जीभ भाजते आणि पुढचे चार ग्लास वाया जातात.

ऐरोली_सेक्टर८

माझं मत जरा वेगळं. टेस्टिंग घेणारा मुलगा बहुधा पगारावरचा असतो, त्याच्या हातात टाकी नसते. वीस जणांसमोर सांगितलं की तो बचावच करणार. संपल्यावर बाजूला घेऊन बोला, किंवा दुसऱ्या दिवशी गर्दी नसताना जा आणि ब्रुअरला भेटायचंय म्हणा. मायक्रोब्रुअरीचा हाच तर फायदा, बनवणारा माणूस काचेपलीकडे उभा असतो. बाटलीतल्या बियरचं कुणाला सांगणार?

मसाला_गल्ली (सानपाडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले, काय झालं ते सांगते.

गुरुवारी संध्याकाळी गाळा बंद करून तुर्भ्याहून गाडी पकडली. नणंद ठाणे स्टेशनला आली, तिथून रिक्षाने गेलो. बार जवळजवळ रिकामा. पिल्सनरचा छोटा नमुना मागितला. हातात धरून झाकला. नणंद घड्याळ बघत होती. दहा मिनिटांनी हात काढला तर वास इतका वर आला की तिलाही आला, आणि शनिवारी तिला काहीच जाणवलं नव्हतं.

मग ब्रुअरला भेटायचंय म्हटलं. तिशीचा मुलगा, गमबूट घातलेला, हात ओले. मी काही न सांगता ग्लास पुढे केला. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि हळूच म्हणाला, "हो." एवढंच. आत जाऊन दुसऱ्या टाकीतली पिल्सनर आणली, अजून वर न दिलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या. नवीत लाह्या होत्या, काका, अगदी ताज्या ज्वारीच्या लाह्या, आणि शेवटी मेथीचा कडवटपणा, आला आणि निवला. जिभेवर काही नाही. जुनी टाकी नळावरून काढणार का विचारलं. म्हणाला, मला काढायची आहे, पण मालकाशी बोलावं लागेल. त्याच्या बोलण्यात खोटं वाटलं नाही. काढली की नाही ते कळायचंय.

मग मी विट मागवली. संत्र्याची साल छान, पण धणे शोधावे लागत होते. त्याला म्हटलं, तुमचे धणे दाखवाल का? त्याने स्टोअरमधून पिशवी आणली. चार दाणे तळहातावर घेऊन चोळले. रंग तपकिरी, फोडल्यावर आत भुसा, वास जुन्या कपाटाचा. तेल उडून गेलेला माल. मी त्याची ओंजळ करून त्यात दाणे टाकले आणि म्हटलं, आता हुंगा. त्याने हुंगलं आणि म्हणाला, हॉप्स मी रोज असे बघतो, धणे कधीच बघितले नव्हते.

या हंगामाचा नवा धणा गाळ्यावर आलाय, हिरवट, चोळला की लिंबाच्या सालीसारखा वास. दोन किलो वेगळा काढून ठेवलाय. सोमवारी त्याला नेऊन देते आहे.