निनावी म्हणजे किती निनावी? कर्मचारी सर्वेक्षणाचे अनुभव

आमच्याकडे पुढच्या महिन्यात पुन्हा "तुमचं मत मोलाचं आहे" सुरू होतंय. गेली सहा वर्षं हे सर्वेक्षण मीच राबवते, म्हणून पहिली कबुली माझी. पहिल्या वर्षी निकाल विभागवार काढले, वर स्त्री-पुरुष असेही फोडले. एका विभागात तीनच माणसं, त्यात बाई एकच. साहेबांनी तो रकाना बघितला, "अच्छा, म्हणजे मॅडम नाराज आहेत" म्हणाले आणि पुढची स्लाइड मागितली. नाव कुठेच नव्हतं! पुढच्या वर्षी तिने डोळे मिटून सगळीकडे पाचपैकी ३ भरले, हे तिनेच मला सांगितलं. तेव्हापासून पाचपेक्षा कमी उत्तरं आली तर तो गट मी वेगळा दाखवत नाही.

तुमच्याकडे काय झालं? भरणाऱ्यांनीही लिहा, भरून घेणाऱ्यांनीही. कंपनीचं नाव मात्र नको.

हिंजवडी, भरणारा
लिंक निनावी म्हणे. दोन दिवसांनी माझ्या नावाने मेल: "आपण अद्याप सर्वेक्षण पूर्ण केलेले नाही." मी भरलं नाही हे कळतं, तर काय भरलं ते कळत नसेल? आणि हे सगळं अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात. भरले सगळे ४ आणि ५, सुटलो.

धागाकर्ती
प्रत्येकाला वेगळी लिंक असली की भरलं की नाही इतकं कळतं. उत्तरं बाहेरच्या एजन्सीकडेच राहत असतील तर ती कंपनीला दिसत नाहीत. पण मेलमध्ये एवढ्या दोन ओळी लिहायचे कष्ट कोण घेतो?

चाकण, भरून घेणारा
आमचा कारखाना, त्यामुळे कागदी फॉर्म. हेड ऑफिसने इंग्रजीवरून मराठी करून पाठवलं: "मी माझ्या कार्याशी भावनिकदृष्ट्या संलग्न आहे." एका वेल्डरने विचारलं, "साहेब, संलग्न म्हणजे पर्मनंट का?" तो कंत्राटी होता. खरं तर कंत्राटींना फॉर्म द्यायचाच नव्हता, चुकून गेला. बाकीच्यांनी सुपरवायझर डोक्यावर उभा असताना एकाच पेनाने "पूर्ण सहमत"वर खुणा केल्या. आमचा प्लांट पहिला आला, ट्रॉफी मिळाली.

पुढच्या खेपेला प्रश्न लाइनवरच्या दोघांना घेऊन बसून लिहिले. "अडचण सांगितली तर सुपरवायझर ऐकून घेतो का?" असे. पेटी कँटीनमध्ये, ताटं ठेवतात तिथे. मार्क धडाधड घसरले, मला वरून बोलणी बसली. पण चाळीसेक फॉर्मवर एकच गोष्ट होती: सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते आणि बस अकरा चाळीसला, हातपाय धुवायलाही वेळ नाही, ऑइलच्या कपड्यांतच घरी जावं लागतं. बस पंधरा मिनिटं पुढे ढकलली, खर्च शून्य. त्यानंतरच्या वर्षी फॉर्मच्या मागच्या बाजूलाही लिहून आलं.

नाशिक
"ही कंपनी मित्राला सुचवाल का, ० ते १०" हा प्रश्न कुणाकडे असतो? ९-१० वाले समर्थक, ७-८ धड इकडचेही नाहीत, तिकडचेही नाहीत, ६ आणि खाली सगळे विरोधक. आमच्या लोकांनी खुशीने सहा दिले होते. दहावीला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, असं मानणारी आमची पिढी! बैठकीत आम्ही सगळे विरोधक निघालो.

ठाणे
गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीच्या बारा प्रश्नांतला दहावा, "माझा जिवलग मित्र इथे काम करतो." यावर आमच्याकडे हशा पिकला. मला तो एकच प्रश्न खरा वाटला. जिवलग होती, तिने राजीनामा दिला, सहा महिन्यांत मीही दिला.

सहकारी बँक, सांगली
आमच्याकडे लिंक नाही, पेटी. चावी शाखाधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याकडेच. तरी एकदा किडा वळवळला डोक्यात, रजेच्या वाटपाबद्दल चार ओळी टाइप करून टाकल्या. नाव नाही, अक्षर नाही. आठवड्याने साहेब चहाला घेऊन गेले. हसत म्हणाले, "अहो, अख्ख्या शाखेत 'किंबहुना' तुम्ही एकटेच लिहिता." रागावले नाहीत, चहाचे पैसेही त्यांनीच दिले. यंदा मी कोरा कागद टाकला.