ट्रकने पुढच्या गाडीपासून किती मीटर अंतर ठेवायचं, कायद्यात आकडा आहे का? (अर्जंट)

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, आडगावला राहतो. घरची एकच १७ फुटी आयशर, दादा चालवतो, मी भाडी आणि हिशोब बघतो. गेल्या आठवड्यात पिंपळगावहून टमाटा भरून वाशीला चालला होता, रात्रीचे साडेदहा, रिमझिम चालू, विल्होळीच्या पुढे एक कारवाला डावीकडून येऊन बरोबर गाडीच्या तोंडापुढे घुसला आणि ढाबा दिसला म्हणून कचकन ब्रेक मारला. दादानेही दाबला पण लोड गाडी ती, जागेवर थोडीच उभी राहणार, कारची डिकी चेपली. कुणाला लागलं नाही हे नशीब, पण बरेच कॅरेट उलटले आणि वाशीचा बाजारही हुकला.

आता कारवाला म्हणतो ५० मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे, सगळा खर्च तुम्हीच द्या. चौकीतही तेच, मागून ठोकणाऱ्याचीच चूक. अहो पण अंतर सोडलं होतं म्हणूनच तर तो घुसला ना! आपल्या आग्रा रोडवर गॅप सोडला की कुणीतरी नाक खुपसणारच. मग हा ५० चा आकडा खरा आहे का, कुणाला माहिती?

प्रतिसाद १:
मीटरचा आकडा कायद्यात नाही भाऊ. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये एवढंच आहे की पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक होणार नाही इतकं पुरेसं अंतर ठेवा. ५० मीटर येतं तीन सेकंदांच्या हिशोबातून, म्हणजे पुढच्या गाडीच्या तीन सेकंद मागे राहायचं. ताशी ६० ला सेकंदाला साधारण १७ मीटर जातात, म्हणजे तीन सेकंदांत ५०, आणि ताशी ८० ला तीन सेकंदांचं अंतर ६५ मीटरच्या पुढे. रेग्युलेशन मोडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७अ खाली ५०० ते १००० दंड. पण खरी गोची भरपाईत आहे. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात ट्रकने अचानक ब्रेक मारला होता, तरी १०-१५ फुटांवर मागे असलेल्या कारवाल्यालाच अंतर न ठेवल्याबद्दल धरलं. उलट २०२५ मध्ये कोईमतूरच्या केसमध्ये सिग्नल न देता हायवेवर ब्रेक मारणाऱ्या कारवाल्यावर ५० टक्के दोष टाकला, मागून आलेल्या बसवर ३०, मागून धडकलेल्या बाइकवाल्यावर २०. म्हणजे मागचाच दोषी असं काही ठरलेलं नाही, पण तो घुसला हे तुम्हाला दाखवावं लागेल. डॅशकॅम आहे का?

धागाकर्ता:
डॅशकॅम नाही ना, तीच तर बोंब. ढाब्याचा एक कॅमेरा रोडकडे तोंड करून आहे, फुटेज पुसायच्या आत मिळावं म्हणून आत्ता निघतोच आहे. अजून एक, पंचनाम्यात तो डावीकडून घुसल्याचा उल्लेखच नाही आणि दादाने घाबरून सही करून टाकली. आता लेखी अर्ज दिला तर चालतं का, आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवू की अर्ज देऊन मग?