कार्यालयीन इमारतीतील सामायिक वीजबिल : खर्च मालकाचा, बचत भाडेकरूची?

प्रश्न – बाणेरकर

बाणेरमधील एका सहा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचे करसल्लागारांचे कार्यालय आहे. संपूर्ण इमारतीला महावितरणची एकच उच्चदाब जोडणी असून येणारे बिल मालक चौरस फुटांच्या प्रमाणात वाटतात आणि मेंटेनन्समध्ये लावतात. आम्ही संध्याकाळी सातला कार्यालय बंद करतो. पाचव्या मजल्यावरील कंपनी मात्र अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी चालवते आणि तिच्या एका मजल्यासाठी गच्चीवरचा चिलर (सगळ्या इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारे यंत्र) पहाटे तीनपर्यंत सुरू असतो. गेल्या वर्षी आम्ही पदरमोड करून सर्व दिवे एलईडी केले, तरी आमच्या हिश्शात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. चिलरची दुरुस्ती सुचवली की मालक म्हणतात, "पैसे मी घालायचे आणि बिल तुमचे कमी व्हायचे, हा कुठला व्यवहार?" प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. मार्चमध्ये आमचा करार नव्याने होणार आहे. त्यात नेमके काय लिहून घ्यावे?

उत्तर – मीटरवाला

मी ऊर्जा-लेखापरीक्षणाचे काम करतो. कराराच्या भाषेकडे वळण्याआधी मीटर बसवून घ्या, कारण चौरस फुटांवर वाटणी होते तोवर काटकसर करणाऱ्याची बचत सगळ्यांत वाटली जाते आणि उधळपट्टी करणाऱ्याचा भारही सगळ्यांवर पडतो. प्रत्येक मजल्याला विजेचा सब-मीटर हवाच. पण चिलर मध्यवर्ती असल्याने तेवढ्याने भागणार नाही, मजल्यावर किती गारवा पोहोचला हे मोजणारा बीटीयू मीटरही थंड पाण्याच्या नळावर लागेल.

दुसरे म्हणजे मालकांकडून मूळ बिलाची प्रत मागा. उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या उपयोगी पडलेल्या नव्हे तर जोडणीतून घेतलेल्या एकूण विजेवर होते, त्यामुळे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी उपयोगी पडणारा हिस्सा) ढासळला तर तितकीच वीज वापरूनही बिल वाढते. त्याशिवाय कमाल मागणीचा, म्हणजे एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक भाराचा, आकार वेगळा असतो आणि तो ठरवताना आधीच्या अकरा महिन्यांतील उच्चांकही विचारात घेतला जातो. मे महिन्यातील एखाद्या दुपारी सर्व मजल्यांनी एकदम भार घेतला, तर त्याची किंमत दिवाळीतही मोजावी लागू शकते. असा उच्चांक टाळणे एकट्या मालकाच्याही हातात नसते आणि एकट्या भाडेकरूच्याही.

रात्रीच्या वापराबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका इमारतीत रात्री अकराला फेरी मारली तेव्हा तीन रिकाम्या मजल्यांवरचे एएचयू (गार हवा खोल्यांत ढकलणारे मोठे पंखे) पूर्ण वेगाने चालू होते. कारण एवढेच, की त्यांचे स्विच ज्या खोलीत होते तिची किल्ली सुरक्षारक्षकाकडे नव्हती. पंख्याची गती ८० टक्क्यांवर आणली तर त्याला लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते, त्यामुळे एएचयूला व्हीएफडी (पंख्याची गती कमी-जास्त करणारे उपकरण) बसवणे फायद्याचे असतेच; पण त्याआधी ती किल्ली शोधावी.

उत्तर – वागळे इस्टेट

मी मालकांच्या बाजूचा आहे, तेव्हा थोडे कडू बोलतो. भाडेकरू लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) संपताच निघून जातात, चिलर मात्र पंधरा-वीस वर्षे आमच्या गळ्यात असतो. शिवाय आतली मांडणी करताना आम्हाला कोणी विचारत नाही. आमच्याकडे एका कार्यालयाची 'गारवा पुरत नाही' अशी तक्रार सहा महिने चालली होती. जाऊन पाहिले, तर थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली फोटोकॉपीचे यंत्र ठेवलेले! यंत्र तापले की थर्मोस्टॅटला सबंध हॉल तापल्यासारखा वाटे आणि शेजारच्या केबिनमधली माणसे शाली घेऊन बसत. यंत्र चार फूट सरकवल्यावर तक्रार मिटली. तापमान एक अंशाने वर ठेवले की वातानुकूलनाची सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. तरीही १८ वर लावून स्वेटर घालणारे महाभाग आहेतच. म्हणून करारात दोन्ही बाजू बांधा : तापमान २४ अंश, मांडणीच्या नकाशाला मालकाची संमती, आणि ठरलेल्या वेळेनंतर चिलर हवा असल्यास त्याचा ताशी आकार मागणाऱ्याकडून.

उत्तर – मेलबर्नहून

येथे ऑस्ट्रेलियात इमारतींच्या ऊर्जावापराला तारे देणारी नेबर्स नावाची मूल्यांकनपद्धत आहे. तिच्यात मूळ इमारतीला, म्हणजे लिफ्ट, लॉबी आणि मध्यवर्ती वातानुकूलनाला, वेगळे तारे मिळतात आणि भाडेकरूच्या दिवे-संगणकांना वेगळे. कोणी कशाची जबाबदारी घ्यायची, हा वाद तिथेच बराचसा मिटतो. २०१० च्या कायद्यानुसार मोठी कार्यालयीन जागा विकताना वा भाड्याने देताना हे मूल्यांकन जाहीर करावे लागते. 'मोठी' म्हणजे किती, याची मर्यादा २०१७ पासून १,००० चौरस मीटरवर आली. जाहिरातीतच तारे दिसू लागल्याने मालकांना चिलर सुधारण्यात स्वतःचा स्वार्थ दिसू लागला.

तुमच्या मालकांच्या आक्षेपाला मात्र न्यूयॉर्कचे उत्तर अधिक नेमके आहे. तेथे २०११ मध्ये ७ वर्ल्ड ट्रेड सेंटर या इमारतीच्या भाडेकरारात असे कलम आले, की मालकाने केलेला खर्च भाडेकरूकडून वसूल व्हावा, पण तज्ज्ञाने वर्तवलेल्या वार्षिक बचतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच. समजा सुधारणेला २० लाख लागले आणि वर्षाला ५ लाख वाचतील असा अंदाज आहे. तर मालक दरवर्षी ४ लाख घेईल आणि पाच वर्षांत मोकळा होईल. अंदाज थोडा चुकला तरी भाडेकरूला झळ बसत नाही.

बाणेरकर

सर्वांचे आभार. ८० टक्क्यांचे कलम वकिलांकडे पाठवले आहे, पण आमचा करार तीनच वर्षांचा आहे. तेव्हा उरलेल्या दोन वर्षांचे हप्ते नव्या भाडेकरूकडे जातील, असे मालकांनी त्याच्या करारात घालावे लागेल. त्यांनी विचार करतो म्हटले आहे. पाचव्या मजल्याचे व्यवस्थापक ताशी आकाराला तयार नाहीत, मात्र सर्व्हर आणि रात्रपाळीच्या हॉलपुरते स्वतंत्र स्प्लिट एसी स्वखर्चाने लावू म्हणतात. सब-मीटरचे दरपत्रक सोमवारी येणार आहे. आणि हो, आमच्याही एएचयूच्या खोलीची किल्ली कोणाकडेच नव्हती. शेवटी कुलूप तोडावे लागले.