मदत हवी आहे : फोन रात्रभर नुसता पडून, तरी सकाळी बॅटरी २८ टक्के कमी

चिंचोके

रात्री ११ वाजता ९६ टक्के, सकाळी ७ ला ६८. मधले आठ तास फोनला कुणी हात लावलेला नाही. स्क्रीन बंद, ब्लूटूथ बंद, लोकेशन बंद. एखाद्या रात्रीचं नाही, गेले तीन महिने रोज हेच.

अँड्रॉइड १३, बॅटरी ५००० एमएएच, फोन दीड वर्षाचा, दोन सिम. सिम १ वर इंटरनेट, सिम २ फक्त बँकेच्या ओटीपीसाठी. घरी वायफाय आहे. घर तळमजल्यावर, ऑफिस नवव्या मजल्यावर. जूनमध्ये डिस्प्ले फुटला होता, तो बाहेरच्या दुकानात बदलून घेतला. बाकी फोन भिजला वगैरे नाही.

करून झालेले उपाय : ब्राइटनेस कमी, डार्क मोड, नको ती अ‍ॅप काढली, एक बॅटरी सेव्हर अ‍ॅप टाकलं, फॅक्टरी रीसेट एकदा. शून्य फरक. सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर सगळ्यात वर ‘मोबाइल नेटवर्क’ दिसतं, त्याखाली गुगल प्ले सर्व्हिसेस.

दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, १८०० रुपये. बदलू का? आणि एक कोडं : ऑफिसात दिवसभर वापरूनही एवढी उतरत नाही, शनिवार-रविवारी घरी असलं की मात्र संध्याकाळीच चार्जर शोधावा लागतो.

उणेअनंत

बॅटरीला १८०० घालू नका. आधी गणित करू.

५००० एमएएचमध्ये १ टक्का म्हणजे ५० एमएएच. २८ टक्के म्हणजे १४००. भागिले ८ तास, सरासरी १७५ मिलिअँपिअर. दोन सिम आणि वायफाय चालू असलेला धडधाकट फोन निजलेला असताना रात्रीत ४-५ टक्के खातो, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या आसपास. आता समजा बॅटरी म्हातारी होऊन ३५०० एमएएचवर आली. तेच २५० एमएएच तिच्यावर ७ टक्के दिसतील. अगदी निम्मी झाली तरी १०. नुसत्या म्हाताऱ्या बॅटरीमुळे २८ दिसायचे तर तिच्यात ९०० एमएएचसुद्धा उरलेले नसायला हवेत, आणि तसं असतं तर तुमचा फोन दुपारच्या जेवणापर्यंतही टिकला नसता. थोडक्यात टाकी लहान झालेली नाही, नळ उघडा आहे. बॅटरी खराब असल्याच्या खुणा वेगळ्या : ३० वरून एकदम १२ वर येणं, २० टक्क्यांवर असताना फोन बंद पडणं, मागची बाजू फुगणं. फुगली असेल तर मात्र बाकी सगळं सोडून आधी बॅटरीच बदलायची.

कुठला नळ ते शोधायला चार रात्री द्या. पहिल्या रात्री फोन पूर्ण बंद. दुसऱ्या रात्री चालू, पण फ्लाइट मोडवर, वायफायही बंद. तिसऱ्या रात्री फ्लाइट मोड तसाच, फक्त वायफाय चालू. चौथ्या रात्री नेहमीसारखा. रोज ९० टक्क्यांपासून सुरू करा, १०० पासून नको, कारण चार्जर काढल्यावर वरचे दोन-तीन टक्के आकडा मनमानी करतो. चार्जर काढून अर्धा तास थांबा, मग आकडा लिहा. एका रात्री एकच गोष्ट बदलायची. दोन बदललीत तर रात्र फुकट.

आणि ते बॅटरी सेव्हर अ‍ॅप आजच काढा. ते दर काही मिनिटांनी इतर अ‍ॅप मारतं, ती परत उठतात, पुन्हा मारतं. उठण्यातच जास्त वीज जाते. पडून असलेल्या फोनला झोपवायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, सहाव्या आवृत्तीपासून, आहेच.

रातकिडा

बॅटरीच्या पानावरचा आलेखही बघून ठेवा. रेघ रात्रभर एकाच उतारानं खाली आली असेल तर काहीतरी सतत चालू आहे. सपाट, मग एक पायरी, पुन्हा सपाट असं असेल तर ते ठरावीक वेळचं काम. पायरी पहाटे २ च्या सुमाराला दिसली तर पहिला संशय व्हॉट्सअ‍ॅपच्या रोजच्या बॅकअपवर. व्हिडिओंसकट होत असेल तर तो बराच वेळ चालतो.

प्ले सर्व्हिसेस बंद करायच्या फंदात पडू नका. तो पोस्टमन आहे, पत्रं दुसऱ्यांची असतात : इतर अ‍ॅपची कामं त्याच्या नावावर दिसतात.

भाकरवडी

एकदा शून्यापर्यंत उतरवून, बंद पडू देऊन, मग न थांबता १०० पर्यंत चार्ज करा. कॅलिब्रेट होईल, म्हणजे टक्क्यांचा आकडा ताळ्यावर येईल.

उणेअनंत

त्यानं आकडा खरा दिसायला लागेल, गळती थांबणार नाही. इथे आकडा उड्या मारत नाहीये, त्यामुळे तो चुकतोय असं मानायला कारण नाही. लिथियमच्या बॅटरीला वारंवार शून्यावर नेणं तिच्या तब्येतीला वाईट, ते वेगळंच.

चिंचोके

आलेख सरळ उतार आहे, पायरी नाही. सेव्हर काढलं. चार रात्रींचे आकडे, सगळे ९० पासून :

बंद : ९०
फ्लाइट मोड : ८८
फ्लाइट मोड अधिक वायफाय : ८६
नेहमीसारखा : ६३

सोल्डरगन

बंद असताना एक टक्काही गेला नाही, म्हणजे बोर्डावर लिकेज, चोरून वाहणारा करंट, नाही. तिथे ५-१० टक्के गेले असते तर हाफ शॉर्टची, म्हणजे अर्धवट शॉर्ट सर्किटची, केस होती. बॅटरी सोडवून पॉवर सप्लाय लावायचा, बटण न दाबता करंट बघायचा, काटा जागचा हलता कामा नये. हलला तर बॅटरीच्या लाइनवरचा कुठला कपॅसिटर गरम होतो ते बोर्डावर अल्कोहोल लावून शोधायचं, जिथे आधी सुकतं तिथे चोर. पावसाळ्यात चार्जिंग पोर्टला गंज चढूनही असं होतं. तुम्हाला यातलं काहीच नाही.

उणेअनंत

आणि वायफायवर सगळी अ‍ॅप जागी असूनही ४ च टक्के गेले, म्हणजे अ‍ॅपही निर्दोष. उरला मोबाइल रेडिओ. घरी त्रास, ऑफिसात नाही, याचाही मेळ बसला.

फोन नुसता पडलेला असतो तेव्हा सतत बोलत नसतो, अधूनमधून कान देतो, एवढंच. सिग्नल काठावर असला की तो टॉवर हातचा सुटतो, आसपासचे सगळे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, चाळतो, दुसरा सापडला की पुन्हा हजेरी लावतो, तोही सुटतो. ही हजेरी लावताना टॉवरपर्यंत आवाज पोचावा म्हणून पूर्ण ताकद लावावी लागते. फोरजीवर ती कमाल २३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप), म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी २०० मिलिवॅट, आणि ती काढायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट जाते. दोन सिम असली तरी बहुतेक फोनमध्ये रेडिओ एकच, दोघं पाळीपाळीनं वापरतात. एक सिम तडफडत असलं की दुसऱ्यालाही स्वस्थता नाही.

आता दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात सिम स्टेटस, तिथे दोन्ही सिमची सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसेल. फोन रात्री ठेवता त्याच जागी ठेवून वाचा. कांड्या बघू नका, किती सिग्नलला किती कांड्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. फोरजीत उणे ९० च्या आसपास उत्तम, उणे ११० ला रडतखडत, उणे १२० म्हणजे नसल्यात जमा. दुसरं, एक रात्र सिम २ सेटिंगमधून बंद ठेवा.

संगणक हाताशी असेल तर पक्का पुरावाही मिळतो. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन उघडायचे, यूएसबी डिबगिंग चालू करायचं आणि सकाळी एडीबीतून (संगणकावरून फोनला हुकूम देणारं साधन) ‘डम्पसिस बॅटरीस्टॅट्स’ चालवायचं. लांबलचक मजकूर येतो. त्यात ‘सिग्नल स्कॅनिंग टाइम’ ही ओळ शोधा, फोन किती वेळ नेटवर्क शोधत होता ते कळेल.

चिंचोके

पलंगाजवळच्या टेबलावर सिम १ उणे १०३. सिम २ उणे १२१, मधूनच ‘नो सर्व्हिस’. सिग्नल स्कॅनिंग टाइम आठ तासांत ३ तास १२ मिनिटं!

सिम २ बंद ठेवलं, ९० वरून ७९. मग सिम २ चोर ना? पण ते कायमचं बंद ठेवता येत नाही, ओटीपी त्यावरच येतात.

रातकिडा

मग ते सिम जुन्या बटणांच्या फोनमध्ये टाकून खिडकीत ठेवा. टाकण्याआधी बघा, काही कंपन्यांकडे टूजी नाहीच, त्यांना फोरजीवाला कीपॅड फोन लागतो. कॉल फॉरवर्डचा इथे उपयोग नाही, त्यानं कॉल वळतात, एसएमएस वळत नाहीत. शिवाय कोड टाकून कॉल वळवण्याची सोय फसवणुकीच्या प्रकारांमुळे दूरसंचार विभागानं एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली. कुणी फोन करून असला कोड टाकायला सांगितला तर सरळ फोन ठेवा.

फाइव्हजी वापरत नसाल तर प्रिफर्ड नेटवर्कमध्ये फोरजी करून ठेवा, एक भटकंती कमी.

उणेअनंत

थांबा. एकट्या सिम १ वर ११ टक्के, हे नॉर्मल नाही. ५-६ हवे होते. सिम २ मुळे दुखणं दिसलं, पण दुखणं दोघांनाही आहे. सोल्डरगन, डिस्प्ले जूनमध्ये बदललाय, त्रास तीन महिन्यांचा. काय म्हणता?

सोल्डरगन

तेच टायपत होतो. घरात दुसरा कुठलाही फोरजी फोन घ्या. तुमची दोन्ही सिम एकेक करून त्यात घाला, त्याच टेबलावर, त्याच जागी ठेवून पाच मिनिटांनी डीबीएम वाचा. दोन मॉडेलमध्ये ३-५ चा फरक असतोच, तो सोडून द्या. १० च्या वर गेला तर लिहा.

चिंचोके

आईच्या फोनमध्ये सिम १ उणे ९०, सिम २ उणे १०८. दोन्हीकडे १३ चा फरक.

सोल्डरगन

सापडलं. दर १० डीबीला दसपट, ३ ला दुप्पट. १३ म्हणजे वीसपट सिग्नल वाटेत मरतोय.

मुख्य अँटेना बहुतेक फोनमध्ये खालच्या बाजूला, चार्जिंग पोर्टच्या बोर्डाजवळ असते. तिथून वरच्या मेन बोर्डापर्यंत बॅटरीच्या कडेनं एक केसासारखी नाही पण शेवयाच्या जाडीची काळी किंवा पांढरी वायर जाते, नेटवर्कची वायर. दोन्ही टोकांना टिकलीएवढं गोल सोनेरी बटण. डिस्प्ले बदलताना बऱ्याच मॉडेलमध्ये ही काढावी लागते, आणि परत लावताना एक टोक नुसतं टेकवून वर कव्हर बसवलं जातं. फोन चालू होतो, कांड्या दिसतात, कारण ऐकायला वर दुसरी अँटेना असते. बोलायला मात्र खालचीच, म्हणून फोन घसा फोडून ओरडत बसतो. ऑफिसात टॉवर समोर असेल, तिथे वीसपट गळूनही भागतं. घरी भागत नाही.

ज्यानं डिस्प्ले बसवला त्याच्याकडेच जा आणि ‘नेटवर्क वायरची दोन्ही टोकं बघा’ एवढंच सांगा. आधी बॅटरीचा फ्लेक्स (बोर्डाला जोडणारी चपटी पट्टी) सोडवायचा, मग काम. बटण प्लास्टिकच्या पट्टीनं सरळ वरून दाबायचं, टक् असा आवाज येतो. तिरकं दाबलं तर मधली पिन वाकते, लोखंडी चिमट्यानं तर हमखास. बटण बसलेलं असूनही फरक नसेल तर मल्टिमीटर : मधली पिन ते मधली पिन बीप यायला हवा, मधली पिन ते बाहेरची कडा येता कामा नये. आला तर वायर फ्रेमखाली चेपली आहे, बदला. तेही ठीक असेल तर बोर्डावरच्या छोट्या स्प्रिंग पत्त्या बघायच्या, एखादी चपटी झाली असेल तर अँटेनाला टेकत नाही. तुमच्या समोर उघडायला लावा आणि कव्हर चिकटवण्याआधी सिम घालून डीबीएम वाचा. चिकटवल्यावर नाही.

चिंचोके

उघडलं. खालच्या बोर्डाकडचं टोक सुटून बॅटरीच्या डबलटेपला चिकटलेलं होतं. दाबून बसवलं, दुकानदारानं पैसे घेतले नाहीत.

घरी त्याच टेबलावर सिम १ उणे ९१, सिम २ उणे १०९. काल रात्री दोन्ही सिम चालू, वायफाय चालू : ९० वरून ८४.

सोल्डरगन

मागचं कव्हर उघडलंय, त्यामुळे कडेचा गोंद आता पाणी अडवेल असं धरून चालू नका. पावसात पिशवीतच.